मँचेस्टर विद्यापीठातील भौतिकी व ज्योतिषशास्त्र संशोधन

इंग्लंडच्या वायव्य भागातील मँचेस्टर येथील विद्यापीठात भौतिकी व ज्योतिषशास्त्र (ग्रह, तारे, दीर्घिका इ. खस्थ पदार्थांचे शास्त्र, फलज्योतिष नव्हे) या विषयांत एकोणिसाव्या शतकापासून चालत आलेले संशोधन. अणुकेंद्राचा शोध, विचित्र कणांचा शोध, रेडिओ ज्योतिषशास्त्राची उभारणी आणि ग्रॅफीन या एका अणूइतक्या जाडीच्या पदार्थाची प्राप्ती ही या संशोधनाची ठळक फळे होत. अणुकेंद्रीय भौतिकी, मूलकण भौतिकी, रेडिओ ज्योतिषशास्त्र, विश्वस्थितिशास्त्र व संघनित द्रव्याची भौतिकी या येथील प्रमुख शाखा वरवर पाहता एकमेकींपासून दूरच्या वाटतात. तथापि त्यांचा इतिहास पाहिल्यास एका शाखेतील उपकरणातून किंवा अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नातून दुसरी शाखा उगम पावल्याचे वारंवार दिसून येते. विद्यापीठातील विज्ञान संशोधन कसे वाढते, हे समजण्यास हे उदाहरण विशेष उपयुक्त आहे.

पार्श्वभूमी : कापडगिरण्यांचे शहर म्हणून प्रसिद्धी पावलेल्या मँचेस्टरमध्ये १८५१ साली ओएन्स कॉलेज स्थापन झाले व त्यातूनच पुढे विद्यापीठाची वाढ झाली. इलेक्ट्रॉनाचे संशोधक जे. जे. टॉमसन यांचे प्रारंभीचे शिक्षण याच कॉलेजात झाले. १८८८ मध्ये भौतिकीचे प्राध्यापक झालेले आर्थर शूस्टर यांना वर्णपटविज्ञान व ज्योतिषशास्त्र या दोहोंत रस होता. १७ मे १८८२ रोजीच्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी ईजिप्तमध्ये त्यांनी घेतलेल्या छायाचित्रात सूर्याजवळ एक धूमकेतूही आढळला होता. शूस्टर यांच्या प्रयत्नाने १९०० मध्ये विद्यापीठात भौतिकीची सुसज्ज प्रयोगशाळा उभी राहिली. १९०७ मध्ये त्यांनी आपले पद स्वेच्छेने सोडले व त्या जागी अर्नेस्ट रदरफर्ड यांची नेमणूक व्हावी म्हणून खटपट केली. विभागाची सध्याची मुख्य इमारत १९६७ मध्ये सुरू झाली असून तिला शूस्टर यांचे नाव देण्यात आले आहे. २००४ मध्ये शहरातील तंत्रविद्येची स्वतंत्र संस्था विद्यापीठात विलीन झाली, तेव्हा दोन्हीकडील भौतिकी विभागही एकत्र आले.

अणुकेंद्राचा शोध : रदरफर्ड १९०७ ते १९१९ या काळात मँचेस्टर येथे होते. किरणोत्सर्गी पदार्थांतून बाहेर पडणारे आल्फा कण म्हणजे विद्युत् भारित हीलियम होत, हे त्यांनी टी. रॉइड्झ यांच्यासह १९०९ मध्ये सिद्ध केले. हे कण धातूच्या पातळ पत्र्यातून जाताना किंचित विखुरतात. हे विखुरणे (प्रकीर्णन) मोजण्याचे काम हान्स गायगर हे करीत होते. झिंक सल्फाइडाचा लेप दिलेल्या पडद्यावर कण आदळला म्हणजे क्षणमात्र प्रकाशाचा ठिपका उमटतो. अंधाऱ्या खोलीत डोळे सरावल्यावर सूक्ष्मदर्शकातून हे ठिपके एकेक करून मोजावे लागत. गायगर यांच्या हाताखालील अर्नेस्ट मार्सडेन या विद्यार्थ्याला काम हवे होते, म्हणून मोठ्या कोनातून वळलेले कण आढळतात का ते पाहण्यास त्याला सांगण्यात आले. असे कण आढळतील अशी अपेक्षा नव्हती. प्रत्यक्षात धातूवर पडणाऱ्या सुमारे आठ हजार कणांपैकी एक कण मागे फिरतो, असे १९०९ मध्ये आढळून आले.

त्या काळी मान्य असलेल्या टॉमसन यांच्या कल्पनेनुसार अणूतील धन विद्युत् भार अणूच्या संपूर्ण आकारमानात पसरलेला होता. असा विरळ भार वेगवान आल्फा कणाला मागे फिरविण्यास असमर्थ आहे. म्हणून आठ हजारांतील त्या एका कणाचा खुलासा करण्यासाठी अणूची रचनाच नव्याने मांडावी लागली. अणूचा धन विद्युत् भार व जवळजवळ सर्व वस्तुमान मध्यभागी अतिशय लहान जागेत एकवटलेले असते, असा निष्कर्ष रदरफर्ड यांनी १९११ मध्ये प्रसिद्ध केला. या अणुकेंद्राचा व्यास अणूच्या व्यासाच्या एक दशसहस्रांशाहूनही कमी असतो. प्रकीर्णनाचा कोन व कणांची संख्या यांमधील रदरफर्ड यांनी काढलेला संबंध गायगर व मार्सडेन यांनी १९१३ मध्ये पुन्हा मोजणी करून पडताळून पाहिला.

हे चित्र स्वीकारल्यावर नवी अडचण निर्माण झाली. अणुकेंद्राभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनाने प्रारणाच्या रूपाने ऊर्जा गमावून अल्पावधीत केंद्रात पडावयास हवे होते. १९१२ मध्ये मँचेस्टरला काही महिने राहिलेले डॅनिश भौतिकीविज्ञ नील्स बोर यांनी १९१३ मध्ये ठराविक ऊर्जांच्या कक्षांची कल्पना मांडून या अडचणीतून मार्ग काढला. त्याच सुमारास हेन्री मोझली यांनी मूलद्रव्यांच्या क्ष-किरण वर्णपटांचे मापन येथे सुरू केले व पुढे ऑक्सफर्ड येथे ते वाढविले. त्यावरून मूलद्रव्याचा अणुक्रमांक म्हणजे अणुकेंद्रावरील विद्युत् भार होय, हे स्पष्ट झाले आणि ४३, ६१ व ७५ या क्रमांकांची मूलद्रव्ये सापडावयाची आहेत, हेही कळून आले. मोझली पहिल्या महायुद्धात ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोली येथे वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मारले गेले. त्यांनी दाखविलेल्या तीन रिकाम्या जागा १९२५ ते १९४५ या काळात भरल्या गेल्या. युद्धकाळातच रदरफर्ड यांनी नायट्रोजनावर आल्फा कणांचा मारा करून त्यातून हायड्रोजनाची अणुकेंद्रे बाहेर काढली. हे कार्य १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. एका मूलद्रव्याच्या अणुकेंद्रात कृत्रिम रीत्या बदल घडविल्याचे हे पहिले उदाहरण होय.

रदरफर्ड केंब्रिजला गेल्यावर डब्ल्यू. एल्. ब्रॅग हे प्राध्यापक झाले (१९१९–३७). क्ष-किरणांच्या साहाय्याने स्फटिकातील अणूंची मांडणी ठरविण्याची पद्धत त्यांनी व त्यांच्या वडिलांनी विकसित केली होती. मँचेस्टर येथे त्यांनी ती सिलिकेट खनिजांना लावली. पृथ्वीच्या कवचाचा मोठा भाग व्यापणाऱ्या या खनिजांची रचना सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या चतुष्फलकांच्या निरनिराळ्या जोडणीने बनते, हे त्यामुळे समजले.

विश्वकिरण व मूलकण : १९३७ मध्ये पॅट्रिक ब्लॅकेट हे ब्रॅग यांच्या जागी आले व विभागाचे लक्ष विश्वकिरणांकडे वळले. बाह्य अवकाशातून पृथ्वीवर सतत येत असलेल्या उच्च ऊर्जेच्या कणांना विश्वकिरण म्हणतात. मोठे कणवेगवर्धक नसलेल्या त्या काळात उच्च ऊर्जेच्या कणांचा तोच एक उगम उपलब्ध होता. हे कण पाहण्यासाठी बाष्पकोठी वापरीत. तीमधील अतिसंपृक्त बाष्पातून विद्युत् भारित कण गेला म्हणजे त्याच्या मार्गावर सूक्ष्म थेंबांची रेषा उमटते. कण केव्हा येईल याचा नेम नसल्याने पुष्कळशी छायाचित्रे वाया जात. गणित्रातून जाणाऱ्या कणानेच बाष्पकोठी कार्यान्वित करावी, अशी योजना ब्लॅकेट यांनी जी. ऑकिअलीनी यांच्यासह १९३२ मध्ये केंब्रिज येथे केली होती. या कार्यासाठी त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ब्लॅकेट यांनी मँचेस्टरला आणलेल्या मोठ्या विद्युत् चुंबकात बाष्पकोठी ठेवून जॉर्ज रॉचेस्टर व क्लिफर्ड बटलर यांनी विश्वकिरणांच्या भेदक वर्षावांची छायाचित्रे घेतली. अशा सुमारे पन्नास छायाचित्रांपैकी दोहोंत फाटा फुटलेल्या रेषा आढळल्या. पहिल्यात कोणतीही रेषा न उमटविणारा उदासीन कण दोन भारित कणांत विघटित झाला होता. दुसऱ्यात भारित कणाचा मार्ग एकाएकी वळला होता. इलेक्ट्रॉनाच्या सुमारे एक हजार पट वस्तुमान असलेल्या अज्ञात कणांचे हे विघटन असावे, असा निष्कर्ष त्यांनी डिसेंबर १९४७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षे मँचेस्टर येथे असे एकही नवे छायाचित्र मिळाले नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील पर्वतशिखरावर घेतलेल्या छायाचित्रांनी या निष्कर्षास पुष्टी दिली. मँचेस्टर गटानेही आपले चुंबक फ्रान्समधील पीक द्यू मीदी या सुमारे २,८०० मी. उंचीवरील ठिकाणी नेले. आज के मेसॉन या नावाने ओळखले जाणारे हे कण सहज निर्माण होतात, पण मानाने फार सावकाश विघटित होतात. या विसंगतीमुळे ‘विचित्रता’ हा नवा गुणधर्म कल्पावा लागला व त्यातूनच पुढे क्वार्क सिद्धांताकडे वाटचाल झाली.

उदासीन के मेसॉनांच्या विघटनात द्रव्य व प्रतिद्रव्य यांच्या वर्तनात सूक्ष्म फरक आहे, असे १९६४ मध्ये अमेरिकेत आढळले. विश्वात द्रव्य शिल्लक का राहिले, या प्रश्नाशी हा फरक निगडित आहे. मँचेस्टरचे कण भौतिकीविज्ञ जिनीव्हानजीकच्या सर्न या यूरोपीय प्रयोगशाळेतील ॲटलस व एलएचसीबी या प्रयोगांत सहभागी आहेत. त्यांपैकी ॲटलस हा २०१२ मध्ये हिग्ज कणाचा शोध लावणाऱ्या दोन प्रयोगांपैकी एक होय. एलएचसीबी प्रयोगात १९६४ चाच प्रश्न अधिक जड क्वार्कांच्या बाबतीत तपासला जातो. मोहक (चार्म) क्वार्क असलेल्या कणांतही असा फरक असल्याचे या प्रयोगाने २०१९ मध्ये जाहीर केले.

जॉड्रेल बँक : दुसऱ्या महायुद्धात रडारवर अधूनमधून क्षणिक व अनाकलनीय प्रतिध्वनी दिसत. अतिशय ऊर्जावान विश्वकिरण वातावरणात शिरताना मागे जो आयनीभूत पट्टा सोडतात, त्यावरून हे तरंग परावर्तित होत असावेत, अशी कल्पना ब्लॅकेट व त्यांचे सहकारी बर्नार्ड लव्हेल यांनी मांडली. युद्ध संपल्यावर लव्हेल यांनी सैन्याकडील जुनी रडार सामग्री मिळवून विद्यापीठाच्या आवारात ती लावली. परंतु शेजारच्या रस्त्यावरील विजेच्या ट्रामगाड्यांच्या उपद्रवामुळे तेथे निरीक्षण करणे अशक्य झाले. म्हणून डिसेंबर १९४५ मध्ये शहराच्या दक्षिणेस सुमारे ३० किमी. अंतरावरील जॉड्रेल बँक या ठिकाणी, विद्यापीठाच्या वनस्पतिविज्ञान विभागाच्या जमिनीवर, ही सामग्री हलविण्यात आली.

तेथे प्रतिध्वनी मिळाले, पण ते विश्वकिरणांचे नसून उल्कांचे होते. ऑक्टोबर १९४६ मधील मोठ्या उल्कावर्षावाच्या वेळी हे निर्विवाद ठरले. रडारला ढगांचा वा सूर्यप्रकाशाचा अडथळा होत नसल्याने दिवसा पडणाऱ्या व म्हणून पूर्वी अज्ञात असलेल्या उल्कावर्षावांचा शोध १९४७ मध्ये लागला. मूळ उद्देश साधण्यासाठी लव्हेल यांनी ६६ मी. व्यासाचा, तारांचे जाळे असलेला स्थिर परावर्तक बांधला. विश्वकिरणांचे प्रतिध्वनी त्यालाही सापडले नाहीत. मात्र आकाशातून येणारे रेडिओ तरंग ग्रहण करण्यास तो उत्कृष्ट ठरला. रॉबर्ट हॅन्बरी ब्राउन व सिरिल हॅझर्ड यांनी १९५० मध्ये त्याच्या साहाय्याने देवयानी दीर्घिकेकडून येणारे रेडिओ प्रारण ओळखले. आपल्या आकाशगंगेसारख्या सामान्य दीर्घिकाही रेडिओ तरंग उत्सर्जित करतात, हे त्यावरून सिद्ध झाले. विश्वकिरणांचा मूळ प्रश्नही पुढे वेगळ्या रीतीने सुटला. विश्वकिरणांच्या वर्षावातून स्वतः उत्सर्जित होणारी रेडिओ स्पंदने १९६५ मध्ये जॉड्रेल बँक येथेच नोंदली गेली.

स्थिर परावर्तकाला डोक्यावरचाच आकाशाचा पट्टा दिसतो. त्यामुळे कोणत्याही दिशेस वळविता येणारा ७६ मी. व्यासाचा दूरदर्शक बांधण्याचे लव्हेल यांनी ठरविले. एच्. सी. हझबंड या अभियंत्यांच्या आराखड्यानुसार १९५२ मध्ये बांधकाम सुरू झाले. परावर्तकाचा तोल सांभाळून त्याला कलते करणाऱ्या यंत्रणेत मोडीत काढलेल्या दोन युद्धनौकांच्या तोफमनोऱ्यांवरील दंतचक्रे वापरली गेली. हायड्रोजनाचे २१ सेंमी. तरंगलांबीचे प्रारण १९५१ मध्ये सापडल्यामुळे लहान तरंगलांब्याही ग्रहण करता याव्यात म्हणून जाळीऐवजी पोलादी पत्र्याचा पृष्ठभाग घेण्यात आला. अशा फेरफारांमुळे व भाववाढीमुळे खर्च मूळ अंदाजाच्या पुष्कळच पुढे गेला, विद्यापीठ कर्जात सापडले व संसदेच्या समितीने या प्रकरणी कडक टीका केली. दूरदर्शक १९५७ मध्ये तयार होतो न होतो तोच ४ ऑक्टोबर रोजी सोव्हिएट संघाने स्पुटनिक हा पहिला कृत्रिम उपग्रह सोडला. त्याला कक्षेत नेणाऱ्या रॉकेटाचा रडारने माग काढू शकणारे असे दुसरे साधन पश्चिमेकडे नव्हते. या घटनेने जनमत पालटले व उरलेले कर्ज १९६० मध्ये लॉर्ड नफील्ड व त्यांच्या प्रतिष्ठानाच्या देणगीतून फिटले. १९८७ मध्ये या दूरदर्शकास लव्हेल यांचे नाव देण्यात आले आणि २०१९ मध्ये जॉड्रेल बँक वेधशाळेचा यूनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांत समावेश झाला.

एका दूरदर्शकाने रेडिओ उगमांचे बारकावे दिसत नाहीत; कारण विभेदनक्षमता तरंगलांबी व व्यास यांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते व रेडिओ तरंगांची लांबी प्रकाशतरंगांच्या मानाने फार मोठी असते. एकमेकांपासून दूर असलेल्या दूरदर्शकांचे संदेश एकत्र करणाऱ्या व्यतिकरणमापकाने ही उणीव भरून निघते. हेन्री पामर यांच्या गटाने हे अंतर १०० किमी.च्याही पुढे नेले व काही उगमांचा कोनीय व्यास एका सेकंदाहून (अंशाच्या ३,६०० व्या भागाहून) कमी असल्याचे दाखविले. ताऱ्यांसारखे दिसणारे परंतु अतिदूरचे क्वासार ओळखण्यास या मापनांचे साहाय्य झाले. १९७९ मध्ये डेनिस वॉल्श व सहकाऱ्यांनी जॉड्रेल बँकच्या सर्वेक्षणातील एका उगमाच्या जागी अगदी सारखे वर्णपट असलेले दोन क्वासार पाहिले. मधल्या दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणामुळे एकाच क्वासाराच्या दोन प्रतिमा तयार झाल्या होत्या. गुरुत्वीय भिंगाचे हे पहिले ज्ञात उदाहरण होय. ई-मर्लिन या आजच्या जालकात इंग्लंडमधील सात दूरदर्शक असून त्यांमधील कमाल अंतर २१७ किमी. आहे.

पल्सारांचे संशोधन : ठराविक कालावधीने रेडिओ स्पंदने पाठविणाऱ्या ताऱ्यांना पल्सार म्हणतात. त्यांचा शोध केंब्रिज येथे १९६७ मध्ये जॉसलिन बेल यांना लागला. पल्सार हा वेगाने परिवलन करणारा न्यूट्रॉन तारा असून त्याची रेडिओ शलाका दीपगृहाच्या झोताप्रमाणे दर फेऱ्यास पृथ्वीवरून जाते. परिवलन अत्यंत नियमित असल्याने पल्सार हे नैसर्गिक घड्याळच ठरते. लव्हेल दूरदर्शकाने शेकडो पल्सारांच्या स्पंदनांचे आगमनकाल दशकानुदशके नोंदले आहेत.

या कामातील अचूकतेची कसोटी १९९१–९२ मध्ये लागली. एका पल्सारच्या स्पंदनांत सहा महिन्यांच्या आवर्तकालाचा चढउतार आढळला. त्यावरून त्याभोवती ग्रह फिरत असावा, असे अँड्र्यू लाइन, मॅथ्यू बेल्स व एस्. एल्. शेमार यांनी जुलै १९९१ मध्ये प्रसिद्ध केले. सूर्यमालेबाहेरील ग्रहाचा तो पहिलाच शोध ठरला असता. परंतु पल्सारचे आकाशातील स्थान अधिक काटेकोरपणे ठरवून पुन्हा गणित केल्यावर हा चढउतार नाहीसा झाला. गणितातील एका टप्प्यावर पृथ्वीची कक्षा लंबवर्तुळाकार असल्याचा परिणाम नीट विचारात घेतला गेला नव्हता व त्या त्रुटीलाच ग्रहाचे रूप आले होते. जानेवारी १९९२ मध्ये अमेरिकन ज्योतिषशास्त्रीय संस्थेच्या अधिवेशनात लाइन यांनी स्वतः हे जाहीर केले आणि श्रोत्यांनी टाळ्यांच्या गजरात त्यांच्या प्रामाणिकपणाचा गौरव केला. त्याच महिन्यात दुसऱ्या एका पल्सारभोवती खरोखरच ग्रह असल्याचा ए. व्होल्श्चान व डी. फ्रेल यांचा शोध प्रसिद्ध झाला व तो पुढे टिकला.

ऑस्ट्रेलियातील पार्क्स दूरदर्शकाच्या साहाय्याने, मँचेस्टरच्या ज्योतिर्विदांचा सहभाग असलेल्या गटाने २००३ मध्ये एक अपूर्व जोडी शोधून काढली. तिच्यातील दोन्ही न्यूट्रॉन तारे पल्सार म्हणून दिसले असून त्यांची एकमेकांभोवतीची प्रदक्षिणा अडीच तासांहूनही कमी वेळात पुरी होते. गुरुत्वीय तरंगांच्या रूपाने ऊर्जा बाहेर जात असल्यामुळे त्यांची कक्षा दररोज सुमारे ७ मिमी.ने आकसते. सोळा वर्षांच्या निरीक्षणांनंतर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष आइन्स्टाइन यांच्या व्यापक सापेक्षता सिद्धांताशी ९९·९९ टक्के जुळले.

विश्वस्थितिशास्त्र व सूर्यमाला : १९५१ मध्ये झ्देनेक कोपाल हे ज्योतिषशास्त्राचे प्राध्यापक झाले. एकमेकांनजीक फिरणाऱ्या युग्मताऱ्यांच्या अभ्यासाबद्दल ते प्रसिद्ध होते. मानव चंद्रावर उतरण्यापूर्वी त्यांच्या गटाने पीक द्यू मीदी येथून चंद्राची असंख्य छायाचित्रे घेऊन चंद्राच्या नकाशांसाठी मापने केली. विश्वाच्या प्रारंभिक अवस्थेचा अवशेष असलेल्या सूक्ष्मतरंग पार्श्वभूमी प्रारणाचे मापन ही आजची महत्त्वाची शाखा आहे. २००९ मध्ये सोडलेल्या प्लांक या यूरोपीय उपग्रहावरील दोन कंप्रतापट्ट्यांचे अत्यल्प गोंगाटाचे विवर्धक जॉड्रेल बँक येथे तयार झाले होते.

ग्रॅफीन : संघनित द्रव्याच्या (घन व द्रव पदार्थांच्या) भौतिकीतील येथील सर्वांत प्रसिद्ध कार्य आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोव्होसेलॉव्ह यांचे होय. पेन्सिलीतील ग्रॅफाइट हे कार्बन अणूंच्या षट्कोनी जाळीचे थर एकावर एक रचून बनलेले असते. थरांमधील बंध दुर्बल असल्याने ते एकमेकांवरून सहज घसरतात. असा सुटा एकच थर कसा वागेल याचे सैद्धांतिक गणित पी. आर्. वॉलिस यांनी १९४७ मध्येच केले होते. परंतु इतका पातळ थर स्वतंत्रपणे टिकणार नाही, अशी सर्वसाधारण समजूत होती.

ग्रॅफाइटाचा पृष्ठभाग स्वच्छ करण्यासाठी प्रयोगशाळांत साधी चिकटपट्टी लावून वरचा थर काढून टाकीत व ती पट्टी फेकून देत. टाकाऊ पट्टीवर राहिलेले पापुद्रे पुनःपुन्हा सोलून ते सिलिकॉन डाय-ऑक्साइडाचा योग्य जाडीचा लेप असलेल्या सिलिकॉनच्या चकतीवर ठेवल्यास एकाच अणूच्या जाडीचा थरही साध्या प्रकाशीय सूक्ष्मदर्शकातून ओळखता येतो, असे त्यांना आढळले. हे कार्य ऑक्टोबर २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रॅफिनातील इलेक्ट्रॉन वस्तुमानरहित कणांप्रमाणे वागतात. त्यामुळे एरव्ही मूलकण भौतिकीत येणाऱ्या समीकरणांची पडताळणी टेबलावरील लहानशा प्रयोगात करता येऊ लागली. ग्रॅफीन वीज व उष्णता यांचे उत्तम संवाहक असून अतिशय बळकट असते. गाइम व नोव्होसेलॉव्ह यांना २०१० चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले व २०१५ मध्ये विद्यापीठात ग्रॅफिनाच्या संशोधनासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था सुरू झाली. निरनिराळ्या पदार्थांचे असे एक-अणू थर एकावर एक रचून इच्छित गुणधर्मांचे पदार्थ बनविणे, हा आता येथील संशोधनाचा मुख्य विषय आहे.

यांशिवाय अस्थिर अणुकेंद्रांचा लेसर वर्णपटविज्ञानाने अभ्यास, जैव भौतिकी, कणवेगवर्धकांचे तंत्र व सैद्धांतिक भौतिकी या विषयांतही संशोधन चालते.

भारताशी संबंध : पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यातील नारायणगावाजवळ खोडद येथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राने उभारलेला महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शक (जीएमआरटी) आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या या दूरदर्शकात प्रत्येकी ४५ मी. व्यासाच्या ३० तबकड्या असून त्या सुमारे २५ किमी. विस्ताराच्या प्रदेशात मांडलेल्या आहेत. लव्हेल दूरदर्शकासह पाच यूरोपीय दूरदर्शकांची पल्सार-निरीक्षणे व खोडद येथील निरीक्षणे एकत्र करून यूरोपीय व भारतीय गटांनी जून २०२३ मध्ये अतिदीर्घ तरंगलांबीच्या गुरुत्वीय तरंगांचा पुरावा मांडला. अन्य देशांतील गटांनीही त्याच वेळी तसेच निष्कर्ष जाहीर केले. दक्षिण आफ्रिकेत १९७ तबकड्या व ऑस्ट्रेलियात १,३१,०७२ आकाशक उभारण्याच्या ‘स्क्वेअर किलोमीटर ॲरे’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचे मुख्यालय जॉड्रेल बँक येथे आहे. भारत २०२४ मध्ये या संघटनेचा सदस्य झाला असून भारतातील कामाचे सूत्रसंचालन पुण्याच्या केंद्राकडे आहे.

संशोधनाचे स्वरूप : वरील शोधांपैकी बहुतेकांत शोधावयाचे होते एक व हाती लागले दुसरेच. विश्वकिरणांचे प्रतिध्वनी शोधताना उल्का मिळाल्या, उल्कांच्या मागे रेडिओ ज्योतिषशास्त्र आले, आणि टाकाऊ म्हणून फेकलेल्या पट्टीवर ग्रॅफीन सापडले. त्यांमागे योगायोग होता हे खरे; पण आठ हजारांतील एक कण किंवा पन्नासांतील दोन छायाचित्रे दुर्लक्षून टाकली असती, तर त्या योगायोगाचा उपयोग झाला नसता. अपवादात्मक निरीक्षणाचे महत्त्व जितके, तितकेच ते आपल्याच मापनातील दोषामुळे आलेले नाही ना हे तपासण्याचे आहे, ही गोष्ट १९९२ च्या घटनेने दाखवून दिली. अशा संशोधनाचे फळ आधी सांगता येत नसल्यामुळे त्यावरील खर्चाचे समर्थन करणे अवघड जाते व लव्हेल दूरदर्शकाच्या कर्जाने विद्यापीठाला याचा अनुभव आला. आज रेडिओ ज्योतिषशास्त्रापुढील मोठी अडचण मात्र पैशाची नसून गोंगाटाची आहे. १९४५ मध्ये ट्रामगाड्यांपासून ३० किमी. दूर जाणे पुरेसे होते. आता भ्रमणध्वनी सर्वत्र पोहोचले आहेत व दळणवळणाच्या हजारो उपग्रहांचे संदेश पृथ्वीवरील कोणत्याही वेधशाळेवर वरून येतात. त्यामुळे संवेदनाक्षम रेडिओ दूरदर्शकांसाठी विरळ वस्तीचे प्रदेश निवडून तेथे कायद्याने शांतता राखण्यात येते, आणि आकाशातून येणाऱ्या उपद्रवाबाबत उपग्रह सोडणाऱ्या देशांशी व कंपन्यांशी ज्योतिर्विदांना वाटाघाटी कराव्या लागत आहेत.